पहिल्या ओळीतली माफी

इंग्रजी वाक्याची सुरुवात 'बट'नं केली तरी आभाळ कोसळत नाही, हे मला चाळिशीच्या तोंडावर कळलं. पालघर स्टेशनवर गाडीला उशीर होता, हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून एक इंग्रजी पेपर विकत घेतला. अग्रलेखातलं तिसरंच वाक्य 'बट'नं सुरू झालेलं. मला वाटलं, छापताना काहीतरी गळलं असेल. पुढं वाचलं तर खाली एक 'अँड'नं, आणि शेवटच्या परिच्छेदात चक्क 'बिकॉज'नं. कुठं दिलगिरी नाही, काही नाही. मी बसल्या जागी मोठ्यानं म्हणाले, "अरे मेल्यांनो, मग मला दारात का उभं केलेलं?" शेजारी माशांची टोपली घेऊन बसलेली बाई माझ्याकडे बघून जरा सरकून बसली.

दारात उभं राहणं म्हणजे काय ते सांगते.

माझं गाव माहीम. मुंबईतलं नव्हे, आमचं, केळव्याजवळचं. हे मी जन्मभर सगळ्यांना सांगत आलेय आणि अजूनही लोक मला दर्ग्याचा पत्ता विचारतात. घरी पानवेलीची छोटी वाडी, थोडी केळी, थोडे नारळ. सातवीनंतर एसटीनं पालघरच्या शाळेत जायचं. तिथं आम्हांला इंग्रजी शिकवायला एक मास्तर होते. बारीक अंगाचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एक निळं आणि एक लाल, आणि निळं वापरलेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगानं कायमचे चार शब्द लिहून ठेवले होते: अँड, बट, बिकॉज, सो. या चौघांनी वाक्याच्या सुरुवातीला यायचं नाही. "हे शेजारी आहेत," मास्तर म्हणायचे. "शेजारी घरात येतो, पण घरमालकाच्या मागून येतो. आधी घरमालक!" ज्याचं वाक्य या चौघांपैकी कुणाएकानं सुरू होई, त्याला तास संपेपर्यंत वर्गाच्या दारात उभं राहावं लागे.

एकदा आई तापानं फणफणली होती म्हणून मी दोन दिवस शाळेत गेले नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी इंग्रजीतून विचारलं, का आली नाहीस? मी घाबरत घाबरत, रात्रभर जुळवून ठेवलेलं उत्तर दिलं: बिकॉज माय मदर वॉज इल. वर्गात हसू पिकलं. मास्तरांनी दाराकडे बोट केलं. "कारण कधी 'बिकॉज'नं सुरू होत नसतं," म्हणाले. मी दारात उभी राहिले. आईचा ताप उतरला का, हे त्यांनी विचारलं नाही. पुढं मलाही ते विचारण्यासारखं वाटेनासं झालं, ही मास्तरांच्या शिकवणीची खरी कमाई. अर्थात मी इंग्रजीत पहिली आले. का नाही येणार? दारात उभं राहून पायाला कळ लागली की माणूस शिकतो.

पुढं पालघरातच स्टेशनजवळ टाइपिंगचा क्लास केला आणि ऐंशीच्या आसपास बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवायच्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले. गावात माझा भाव एकदम वाढला. आमच्याकडच्या मुली तेव्हा वाडीत पानं खुडायच्या, फार तर शिक्षिका व्हायच्या. मी खुर्चीत बसून इंग्रजी बडवणार होते. आत्या तर ज्याला त्याला सांगायची, "आमची पोर साहेबाच्या चुका काढते हां!"

ते मात्र खरं होतं. तेव्हाचे आमचे मोठे साहेब वयस्क होते, गोड स्वभावाचे, आणि मजकूर सांगताना त्यांची वाक्यं 'अँड' आणि 'बट'नं सुरू व्हायची. मी काही न बोलता टाइप करताना ते शब्द काढून टाकायचे. सुरुवातीला साहेबांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे मी बोललो त्यापेक्षा बरं आहे." त्या दिवसापासून ते माझे कागद न वाचता सही करू लागले. "तुमचं वाचावं लागत नाही," म्हणायचे. मी वर्षभर त्या एका वाक्यावर तरंगत होते. कुणी म्हणेल, एवढ्यात काय एवढं? ज्यांनी दारात तास काढलेत त्यांना विचारा.

हळूहळू कामगार माझ्याकडे अर्ज लिहायला येऊ लागले. जेवणाच्या सुटीत. डबा खाऊन होतो न होतो तोच कुणीतरी दाराशी घुटमळायचं. रजेचा अर्ज, शिफ्ट बदलायचा अर्ज, गणवेश फाटल्याचा अर्ज. मी पैसे घेत नसे. कुणी ताडगोळे आणायचं, कुणी करांद्याचे कंद, वाणगावचा एक जण मिरच्या आणायचा, आणि मी 'कशाला, कशाला' म्हणत पिशवी पुढं करायचे.

या अर्जांची एक पद्धत होती. मी काढलेली नव्हे, माझ्या आधीपासूनची. अर्ज कशाचाही असो, पहिल्या ओळीत माफी मागायची. आदरणीय महोदय, माझ्या चुकीबद्दल अत्यंत नम्रपणे क्षमा मागून विनंती करतो की, आणि मग जे काय असेल ते. गणवेश फाटला तरी माफी. मशीनवर हात भाजला म्हणून दोन दिवस रजा हवी, तरी आधी माफी. ती माफी म्हणजे दारात चपला काढण्यासारखी होती. ती कुणी मनापासून मागत नव्हतं आणि कुणी मनापासून घेतही नव्हतं. वयस्क साहेब ती पहिली ओळ बघायचे, "बरं बरं" म्हणायचे आणि मंजूर लिहायचे. मास्तरांनी वाक्याची सुरुवात कशानं करू नये ते शिकवलं होतं. कशानं करावी ते मला या कंपनीनं शिकवलं. माफीनं. माझा हात त्यात इतका बसला होता की लोक म्हणायचे, "बायची माफी एकदम कडक असते."

रंगखात्यात मनोरकडच्या डोंगरातला एक माणूस होता. चाळिशीचा, काटक, बोलायला अगदी कमी. अकरा वर्षं त्याच खात्यात. त्याच्या हातांचा रंग कधी खरा दिसला नाही. एक आठवडा निळा, एक आठवडा मरून. त्याची डोंगराच्या उतारावर थोडी भाताची जमीन होती, आणि दर वर्षी आषाढात आवणीला, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायच्या कामाला, तो आठ-दहा दिवस घरी जायचा. नुसता तो नव्हे, त्याच्या बाजूचे सगळेच जायचे. त्याला अर्जबिर्ज नसायचा. जायच्या आदल्या दिवशी सुपरवायझरसमोर जाऊन उभं राहायचं आणि सांगायचं, "सायब, आवनीला जातो." सुपरवायझरनं मान हलवली की झालं. परत आल्यावर मस्टरवर विनापगारी रजा पडायची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग वयस्क साहेब निवृत्त झाले आणि मुंबईहून नवे साहेब आले. तरुण, हुशार, गुळगुळीत दाढी. त्यांचं म्हणणं सगळं कागदावर हवं. आता मी कागदाच्या बाजूची बाई, मला ते आवडलंच! मी मनात म्हटलं, चला, कुणाला तरी शिस्त आहे.

त्या वर्षी आषाढात तो माणूस नेहमीसारखा मान हलवून घेऊन गेला आणि नऊ दिवसांनी आला, तर दारावर त्याच्या हातात नोटीस. न सांगता गैरहजर राहिल्याबद्दल कामावरून का काढू नये, याचं तीन दिवसांत लेखी कारण द्यावं. नोटीस इंग्रजीत होती आणि फार सुबक होती. सुबक असणारच, मीच टाइप केलेली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तो ती नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी त्याला नोटीस मराठीत समजावून सांगितली. ऐकताना त्यानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मी म्हटलं, "दादा, आता तुमचं काय म्हणणं ते सांगा, मी इंग्रजीत लिहिते."

"पन मी सांगून गेलेलो," तो म्हणाला.

मी मशीनमध्ये कागद घातला. "बरं. सुरुवातीपासून सांगा."

"पन मी सायबाला सांगून गेलेलो. त्यानं मान हलवली. पन मंग न सांगता गेलो असा कसा लिवला?"

आता मला माझी तेव्हाची मी आठवते आणि दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. मी हसले. चांगलं, समजूतदार हसले, मोठी माणसं हसतात तसं. म्हणाले, "दादा, 'पण'नं सुरुवात करून चालत नाही. साहेबांशी 'पण' करायचं नसतं."

तो रंगानं निळे झालेले हात मांडीवर ठेवून टाइपरायटरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग कशानं करायची?"

"माफीनं," मी म्हटलं.

"बरा," तो म्हणाला. "तुला ठावा."

इतकं बोलून त्यानं सगळं माझ्यावर सोडलं. बायको, तीन पोरं, डोंगरावरचा तो भाताचा तुकडा, अकरा वर्षांची नोकरी, सगळं. आणि मी काय केलं? मी माझी कडक माफी लिहिली. माझी चूक मी अत्यंत नम्रपणे कबूल करतो आणि क्षमा मागतो, पुन्हा असं होणार नाही, घरच्या अडचणीमुळे मला जावं लागलं. सुपरवायझरला सांगून गेलो होतो ही ओळ मी खाली कुठंतरी घालणार होते. घातली नाही. एक म्हणजे ती कुठंही घातली तरी 'बट'शिवाय बसेना, आणि 'बट' आलं की अर्ज भांडणासारखा दिसू लागे. दुसरं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तो सुपरवायझर संध्याकाळी माझ्याच गाडीनं पालघरला यायचा. माझी जागा धरायचा. त्याचं नाव कागदावर आणून उगाच कशाला वाईट व्हा? मी म्हटलं, माफी मागितली की साहेब बरं बरं म्हणतील. आजवर म्हणतच आले होते. फक्त तसं म्हणणारे साहेब निवृत्त झालेत, एवढी बारीकशी गोष्ट माझ्या हुशार डोक्यात शिरली नाही.

मी शाईचा पॅड पुढं केला. त्यानं अंगठा दाबला. उठताना म्हणाला, "झाला ना काम, बाय?"

"होईल हो, काळजी करू नका!"

चौकशी झाली. साहेब, एक बाहेरचे वकील आणि सुपरवायझर, असे तिघं बसले होते, आणि तो त्यांच्यासमोर उभा. मी बाहेर माझ्या टेबलाशी होते. चौकशी चहा गार व्हायच्या आत संपली. पुढं मला कळलं ते असं, की वकिलांनी तो अर्ज उचलला, पहिली ओळ इंग्रजीत वाचली आणि म्हणाले, यानं चूक कबूलच केली आहे, आता आणखी विचारायचं काय? सुपरवायझरला कुणी काही विचारलंच नाही. त्याला खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही, इतकी सोय मी करून ठेवली होती.

साहेबांनी मला आत बोलावून कामावरून काढल्याचं पत्र सांगितलं. ते सुरू झालं 'अँड'नं. अँड सिन्स यू हॅव युवरसेल्फ ॲडमिटेड, आणि तू स्वतःच कबूल केलं आहेस म्हणून. ते कबूल केलेलं माझ्या हातचं होतं, हे मला तिथंच कळलं. आणि तरी, देवाशपथ सांगते, टेबलाशी येऊन टाइप करताना मी तो 'अँड' काढून टाकला! एका माणसाची भाकर जात होती आणि मी तिच्या पहिल्या शब्दाची अब्रू राखत होते. साहेबांनी न वाचता सही केली. "तुमचं वाचावं लागत नाही म्हणे," म्हणाले. वयस्क साहेब जाताना माझी शिफारस करून गेले होते.

कागद लखोट्यात घालवेना. मी परत आत गेले. म्हटलं, "साहेब, ती माफीची ओळ माझी आहे. आम्ही सगळ्याच अर्जांत तशी लिहितो. तो तसं बोलला नव्हता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत, उलट फार सौजन्यानं विचारलं, "अंगठा कुणाचा आहे?"

"त्याचा."

"मग?"

या 'मग'चं उत्तर 'पण'नंच सुरू झालं असतं. मी बाहेर आले, लखोटा बंद केला आणि जावकच्या वहीत नोंद केली. त्या दिवशी गाडीत सुपरवायझरनं माझी जागा धरली होती. मी त्याच्याकडे न बघता दाराशी उभी राहिले, पालघर येईपर्यंत. त्यानं काय समजायचं ते समजावं. खरं तर मी त्याच्यापेक्षा फार बरी नव्हते, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्यानंतर तीन महिने मी स्वतःची एकाच गोष्टीवर समजूत घातली. त्याला वाचता येत नाही. पहिल्या ओळीत काय होतं हे त्याला कधीच कळणार नाही. तो साहेबांना शिव्या देईल, नशिबाला देईल, मला देणार नाही. किती छान! मी अर्ज लिहायचे बंद केले. डोळे दुखतात म्हणून सांगितलं. वाणगावच्या मिरच्या बंद झाल्या.

दिवाळीच्या आधी एके दुपारी तो आला. कापणी उरकून आला होता. दरवानानं त्याला आत सोडलं नाही, म्हणून मला निरोप आला, आणि मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेले. तो बाकावर बसला होता, शेजारी नव्या तांदळाची छोटी गाठोडी. पहिली नजर त्याच्या हातांवर गेली. रंग पार उडाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या हातांचा खरा रंग पाहिला.

"बाय, एक कागद लिवायचा हाय," तो म्हणाला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

"हो, हो, लिहिते ना," मी घाईघाईनं म्हटलं.

"पन या टायमाला माफी नको मागू."

त्यानं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत.

"तिथं वकिलानं वाचून दाखवला ना," तो म्हणाला. "हिंदीत सांगितलान. तू लिवलंस, माझा गुन्हा हाय म्हनून. ती माफी कोनाची व्हती, बाय? मी तं मागितली नव्हती."

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीन महिने माहीत होतं! आणि तरी तो डोंगरातून माझ्याकडेच आला होता, तांदूळ घेऊन. माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे हो, ते खोटं मी स्वतःला सांगू दिलं नाही. लिहिणारं दुसरं कुणी त्याला ठाऊक नव्हतं, एवढंच. मला रडू आलं. टपरीवर, चार ट्रकवाल्यांच्या देखत, मी पदरानं तोंड झाकून रडले. "माझी होती दादा," मी म्हटलं. "ती माफी माझी होती."

तो म्हणाला, "रडू नको. लिव." आणि लगेच विचारलं, "इंग्रजीतच लिवाया लागते का? मराठीत नाय चालत?"

आता काय सांगू? मी त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती जुनी नोटीस काढली. तीच, मी टाइप केलेली. वरपासून खालपर्यंत वाचली. लेखी कारण द्यावं, असं होतं. कुठल्या भाषेत, हे कुठंच नव्हतं. त्या दिवशी त्याच्या तोंडचं मी जसंच्या तसं मराठीत लिहून दिलं असतं, तरी नियमात बसलं असतं. हे त्याला सुचलं. मला, इंग्रजीत पहिली आलेल्या बाईला, सुचलं नव्हतं. साहेबाला द्यायचा कागद इंग्रजीत आणि सुरुवात माफीनं, हे आम्हांला कुणी सांगितलेलं नव्हतं. आम्ही आपले आपणच पाळत होतो.

टपरीच्या बाकावर, मांडीवर वही ठेवून, मी तो सांगेल तसं लिहिलं. पहिली ओळ: पन मी सांगून गेलेलो. 'पन' असंच लिहिलं, बाणाचा 'ण' केला नाही. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. तो ऐकून म्हणाला, "हां. आता माझा वाटतो."

पुढं तीन तारखा पडल्या. शेवटच्या तारखेला अधिकाऱ्यांनी सुपरवायझरला समोर उभं करून विचारलं, की हा सांगून गेला होता का? ते मी पाहिलं, कारण मी त्या दिवशी रजा काढून, लेखी अर्ज देऊन, तिथं गेले होते. अर्जात माफी नव्हती. सुपरवायझर आधी भिंतीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मग त्यानं मान हलवली. आषाढात हलवली असेल तशीच.

कंपनीनं त्याला परत घ्यायचं कबूल केलं, पण नवा कामगार म्हणून. मागची अकरा वर्षं धरायची नाहीत. अधिकारी म्हणाले, मिळतंय ते घे, नाही तर आणखी दोन वर्षं फेऱ्या मारशील. त्यानं घेतलं. याला न्याय म्हणायचं का, हे मला विचारू नका. माझं डोकं अजून तापतं.

साहेबांनी मला आत बोलावून त्यानं रुजू होताना द्यायचा कागद सांगितला. मागच्या नोकरीवर हक्क सांगणार नाही, हे होतंच. पण त्याच्याही वर, पहिल्याच ओळीत, साहेबांनी सांगितलं: माझ्या पूर्वीच्या गैरवर्तनाबद्दल मी मनःपूर्वक क्षमा मागतो. अधिकाऱ्यांच्या कागदात असलं काही नव्हतं. ही साहेबांची स्वतःची भर होती. या वेळी वाक्याची सुरुवात अगदी निर्दोष होती, मास्तरांनीसुद्धा लाल पेन उचललं नसतं.

मी टेबलाशी आले. कागद, कार्बन, कागद असं नीट लावलं. अकरा वर्षांच्या ओळीला मी हात लावू शकले नाही, ती अधिकाऱ्यांकडे नोंदलेली होती आणि माझी तेवढी हिंमतही नव्हती. पण ती पहिली ओळ मी टाइप केलीच नाही. सरळ दुसरीपासून सुरुवात केली. कागद आत नेला. साहेबांनी पेन उघडलं, नजर खाली सहीच्या जागेवर, आणि सही करून कागद माझ्याकडे सरकवला. माझं वाचावं लागत नसे ना.

तो दाराशी उभा होता. मी कागद त्याच्यासमोर ठेवला, शाईचा पॅड उघडला. त्यानं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवायच्या आधी हात वरच्या वर थांबवला.

"माफी हाय?" त्यानं विचारलं.

"नाही."

"वाच."

आतले साहेब ऐकतील म्हणून मी हळू आवाजात पूर्ण कागद मराठीत वाचून दाखवला. अकरा वर्षांची ओळ मी दोनदा वाचली. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. अंगठ्यावरची शाई तोवर वाळली होती. त्यानं तो पुन्हा पॅडवर दाबला आणि मग कागदावर.